वेष्टनावरचे ८५ टक्के कशाचे?

प्रश्न : मी ५८ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. चार वर्षांपासून रक्तदाबासाठी रोज एक गोळी घेते. गेल्या तपासणीत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेचा आकडा) ६.० आला, म्हणून डॉक्टरांनी साखर जपायला सांगितले आहे. डार्क चॉकलेट हृदयाला चांगले असते, रक्तदाब उतरवते आणि मधुमेह टाळते असे माझ्या मुलीने वाचले. तेव्हापासून ती १०० ग्रॅमच्या, ८५ टक्के असे छापलेल्या वड्या आणून देते आणि मी रात्री जेवणानंतर त्यातली अर्धी वडी खाते. खरे सांगायचे तर आता चटकच लागली आहे. अलीकडे मात्र झोप उशिरा लागते आणि छातीत जळजळही होते. सहा वर्षांची नात मागते तेव्हा तिला देते. ती आमच्या कुत्र्यालाही एखादा तुकडा टाकते. यजमानांना दोन वर्षांपूर्वी मूतखडा झाला होता. ते म्हणतात, ‘औषधाच्या नावाखाली तुझा खाऊ चालला आहे.’ त्यांनी खाल्ले तर चालेल का? आणि चॉकलेटचा एवढा गुण असेल, तर माझी गोळी सुटू शकेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल, हे मात्र नाही. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नये, अर्धी करू नये आणि ‘आज चॉकलेट खाल्ले आहे’ म्हणून एखाद्या दिवशी चुकवूही नये. रक्तदाबाच्या नेहमीच्या मात्रेतील एका गोळीने वरचा आकडा सरासरीने आठ-नऊ मिलिमीटर उतरतो. कोकोने तो किती उतरतो हे पुढे सांगणारच आहे. तो आकडा वाचला की तुलना आपली आपणच कराल. यजमानांच्या टोमण्यात बरेच तथ्य आहे. मुलीने वाचलेलेही खोटे नाही, पण ते कोकोविषयी आहे, आणि आपण खाता ती चॉकलेटची वडी आहे. या दोहोंतील अंतर लक्षात आले, की आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे सापडतील.

कोकोला ही कीर्ती मिळाली कशी, ते पाहण्यासारखे आहे. पनामा देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगत सान ब्लास नावाची बेटे आहेत आणि तेथे कुना जमातीचे लोक राहतात. वय वाढते तसा रक्तदाब वाढतो, हा जवळजवळ सगळीकडचा अनुभव. या बेटांवरच्या वृद्धांचा रक्तदाब मात्र तरुणांसारखाच राहतो, असे आढळले होते. हार्वर्ड विद्यापीठाचे डॉ. नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी त्यामागचे कारण शोधायला घेतले. हे लोक मीठ कमी खात असतील, ही शंका टिकली नाही. ते मीठ भरपूर खात होते. रक्तातच काही गुण असेल म्हणावे, तर त्याच जमातीतील जे लोक पनामा सिटीत राहायला गेले, त्यांचा रक्तदाब इतरांसारखाच वाढू लागला होता. उरलेल्या फरकांमध्ये एक ठळक होता : बेटावरचे लोक दिवसातून कित्येक पेले कोको पीत आणि शहरात गेलेल्यांची ती सवय मोडली होती. ही निरीक्षणे फार मोलाची ठरली. मात्र बेट सोडून शहरात गेलेल्या माणसाचा केवळ कोकोच सुटत नाही. मासे, फळे, अंगमेहनत आणि निवांतपणा यांपैकी बरेच काही त्याच वेळी सुटते. त्यामुळे अशा निरीक्षणातून प्रश्न नेमका मांडता येतो, उत्तर मात्र प्रयोगातूनच मिळवावे लागते.

कोकोच्या बियांमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्ये असतात आणि एपिकॅटेचिन हे त्यांतील प्रमुख. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल होतात आणि वाहिनी रुंदावते. फ्लॅव्हनॉलमुळे या क्रियेला चालना मिळते. इथपर्यंतचे विज्ञान भक्कम आहे. दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्यांची लवचीकता राखायला मदत करतात, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये मान्य केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये याहून हात आखडता घेतला. फ्लॅव्हनॉलचे प्रमाण मुद्दाम जास्त राखलेल्या कोको पावडरीपुरताच हृदयरोगाविषयीचा दावा करता येईल, पुरावा अत्यंत मर्यादित आहे हेही त्याबरोबर लिहावे लागेल, आणि साध्या कोको पावडरीला वा चॉकलेटला तो लागू होणार नाही, असे त्या प्रशासनाने स्पष्ट केले. हे शेवटचे वाक्य जाहिरातीत कधीच येत नाही.

आता रक्तदाबाचा आकडा. कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १,८०० हून अधिक लोकांवरील ३५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. कोकोच्या पदार्थांनी वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे सरासरीने जेमतेम १.८ मिलिमीटरने उतरले होते. ज्यांचा रक्तदाब मुळातच जास्त होता त्यांच्यात वरच्या आकड्याची घट सुमारे ४ मिलिमीटर होती, म्हणजे आपल्यासारख्यांना गुण थोडा अधिक येतो. पण या चाचण्या दोन ते अठरा आठवड्यांच्या होत्या, आणि बहुतेकींमध्ये फ्लॅव्हनॉलची मात्रा बाजारातल्या साध्या वडीच्या तुकड्यातून सहज मिळणार नाही इतकी मोठी होती. आपली गोळी आठ-नऊ मिलिमीटरचे काम रोज, मोजून आणि एकही कॅलरी न देता करते आहे.

रक्तदाब हा शेवटी एक आकडा झाला. झटका आणि पक्षाघात टळतात का, हा खरा प्रश्न. त्यासाठी अमेरिकेत ‘कॉसमॉस’ नावाची मोठी चाचणी झाली. साठी ओलांडलेल्या २१,४४२ स्त्रीपुरुषांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल असलेला कोकोचा अर्क कॅप्सूलमधून दिला आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण अर्क नसलेल्या कॅप्सूल दिल्या. साडेतीन वर्षांहून थोड्या अधिक काळानंतरचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकूण घटना अर्क घेणाऱ्यांमध्ये १० टक्क्यांनी कमी दिसल्या, पण हा फरक योगायोगाचा नाही असे संख्याशास्त्राच्या आधारे म्हणता आले नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. ही दुसरी नोंद आशादायक असली, तरी ती चाचणीची मुख्य कसोटी नव्हती; परीक्षेत मुख्य विषयात काठावर राहून जोडविषयात चांगले गुण मिळावेत तसे ते आहे, हे आपल्याला शिक्षिका म्हणून लगेच पटेल. आणखी दोन गोष्टी विसरू नयेत. चाचणीचा काही खर्च चॉकलेट बनवणाऱ्या मार्स या उद्योगसमूहाकडून आला होता. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचताना डोळे उघडे ठेवावेत. आणि या हजारो लोकांपैकी कोणालाही चाचणी म्हणून चॉकलेट दिलेले नव्हते. त्यांना मिळाला तो अर्क, ज्यात साखर नाही, लोणी नाही आणि चवही नाही.

मधुमेहाविषयी मुलीने वाचले असेल ते बहुधा २०२४ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासाबद्दलचे असावे. अमेरिकेतील परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या आहाराच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. आठवड्यातून पाच वा अधिक वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळले. दुधाच्या चॉकलेटबाबत तसे काही दिसले नाही, उलट ते वाढवणाऱ्यांचे वजनही वाढलेले आढळले. येथेही निरीक्षणच आहे, प्रयोग नाही. मुद्दाम कडू चॉकलेट निवडणारी व्यक्ती जेवणात, चालण्याफिरण्यात आणि तपासण्यांतही अधिक दक्ष असण्याचा संभव असतो. संशोधक गणिताने हे फरक वजा करतात, पण सगळे वजा झाले याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. शिवाय त्यांनी धरलेला ‘एक वेळ’ हा साधारण २८ ग्रॅमचा आहे. आपण त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तेही रोज खाता.

या विषयावरच्या बातम्या कशा वाचाव्यात, हे सांगायला एक किस्सा फार उपयोगी आहे. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने काही सहकाऱ्यांसह, डार्क चॉकलेटने वजन लवकर उतरते असे दाखवणारा एक ‘अभ्यास’ मुद्दाम रचला. माणसे खरी होती, चाचणीही खरी होती. पण माणसे होती जेमतेम पंधरा आणि मोजमापे अठरा. इतक्या थोड्या माणसांची इतकी मोजमापे घेतली, की त्यांतले एखादे योगायोगानेच मनासारखे येते, आणि तसे ते आले. पैसे घेऊन छापणाऱ्या एका नियतकालिकाने तो लेख छापला आणि अनेक देशांतील वृत्तपत्रांनी मथळे सजवले. किती माणसांवर प्रयोग केला, हे जवळजवळ कोणीच विचारले नाही. पुढे बोहॅनन यांनीच सगळे उघड केले. तेव्हापासून चॉकलेटची आनंदवार्ता वाचली, की किती माणसे, किती दिवस आणि चॉकलेट की अर्क, हे तीन प्रश्न मी स्वतःला विचारते.

आता आपल्या हातातल्या वडीकडे वळू. तिच्यावर छापलेले ८५ टक्के म्हणजे कोकोच्या बियांपासून आलेल्या सर्व भागाचे वजन. त्यात बियांचा कोरडा भाग येतो आणि कोको बटर म्हणजे बियांतील स्निग्धांशही येतो. फ्लॅव्हनॉल असतात ते कोरड्या भागात; कोको बटरमध्ये ते नसतातच म्हटले तरी चालेल. एका कारखान्याने कोरडा भाग जास्त घेतला आणि दुसऱ्याने चव मऊ करण्यासाठी वरून कोको बटर घातले, तरी दोघेही वेष्टनावर ८५ टक्केच छापतील आणि दोघेही खरेच बोलत असतील. त्यावर प्रक्रियेचा परिणाम होतो तो वेगळाच. बिया आंबवताना, वाळवताना आणि भाजताना फ्लॅव्हनॉल घटत जातात, आणि कोकोवर अल्कलीचा, म्हणजे आंबटपणा मारणाऱ्या द्रव्याचा, संस्कार केला तर फारच घटतात. एकोणिसाव्या शतकात हॉलंडमधील व्हान हाउटेन यांनी रूढ केलेली ही पद्धत आजही ‘डच’ म्हणून ओळखली जाते. तिने कोकोचा तुरटपणा जातो, पाण्यात तो चांगला मिसळतो आणि रंग गडद होतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत नैसर्गिक कोको पावडरीत ग्रॅममागे सुमारे ३५ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल सापडले, तर जोरदार अल्कली-संस्कार झालेल्या पावडरीत जेमतेम ४. म्हणजे जितके काळे तितके गुणकारी, ही समजूत नेमकी उलटी ठरू शकते. म्हणून टक्क्यांच्या मोठ्या अक्षरांइतकीच मागची बारीक अक्षरेही वाचा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. यादीत साखर पहिली असेल तर ती वडी नावापुरतीच ‘डार्क’ समजावी, आणि ‘अल्कलीने संस्कारित कोको’ असा उल्लेख असेल तर गुणांची आशा न धरता केवळ चवीसाठी खावी.

टक्क्यांचा एक उपयोग मात्र खरा आहे : त्यावरून साखरेचा अंदाज येतो. शंभरातून टक्के वजा केले, की उरते ती बहुतांशी साखर. आपल्या ८५ टक्क्यांच्या वडीत १०० ग्रॅमला सुमारे १५ ग्रॅम साखर असेल, अर्ध्या वडीत सात-आठ ग्रॅम. मधुमेहाच्या उंबरठ्यावर, म्हणजे एचबीए१सीच्या ५.७ ते ६.४ या पट्ट्यात असलेल्या व्यक्तीसाठी ही साखर फार नाही. या बाबतीत मुलीची निवड चांगली आहे. अडचण साखरेची नसून स्निग्धांशाची आणि कॅलरींची आहे. सत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये १०० ग्रॅमला जवळजवळ ६०० कॅलरी, ४३ ग्रॅम स्निग्धांश आणि त्यांपैकी सुमारे २४ ग्रॅम संपृक्त असतात. अर्धी वडी म्हणजे ३०० कॅलरी आणि १२ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश. दिवसाला १,८०० कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीने संपृक्त स्निग्धांश २० ग्रॅमच्या आत ठेवावा असे धरले, तर निम्म्याहून अधिक वाटा रात्रीच्या त्या अर्ध्या वडीनेच घेतला. कोको बटरमधला सुमारे एक तृतीयांश भाग स्टिअरिक आम्लाचा असतो आणि त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढत नाही, हे चॉकलेटच्या बाजूने नमूद करायला हवे. पण जवळजवळ चौथा हिस्सा पामिटिक आम्लाचा असतो आणि त्याने ते वाढते. जेवणातले दुसरे काहीही कमी न करता रोज ३०० कॅलरी वाढवल्या, तर महिन्याला त्या ९,००० होतात. वजन वाढले की साखर आणि रक्तदाब दोन्ही वर जातात. ज्यासाठी चॉकलेट सुरू केले तेच त्याने बिघडावे, याला काय म्हणावे!

चॉकलेटमधून मॅग्नेशियम आणि लोह मिळते, असेही आवर्जून सांगितले जाते. १०० ग्रॅमला मॅग्नेशियम २२८ मिलिग्रॅम, हा आकडा भरघोस दिसतो. पण १० ग्रॅमच्या तुकड्यातून मिळतात ते २३ मिलिग्रॅम, आणि प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ३२० लागतात. लोहाचेही तसेच, त्यात कोकोतील द्रव्ये त्याचे शोषण अडवतात. क्षारांसाठी चॉकलेट खाणे हे निमित्त झाले.

झोप आणि जळजळ या दोन्ही तक्रारींचे मूळ एकाच जागी असावे. ५० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे ४० मिलिग्रॅम कॅफीन आणि ४०० मिलिग्रॅम थिओब्रोमीन हे कॅफीनच्याच जातीचे द्रव्य असते. एवढे कॅफीन साधारण अर्धा कप कॉफीइतके झाले. आणि रात्री जेवणानंतर कॉफी घेता का, असे कोणी विचारले असते तर आपण नाही म्हणाला असता. शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला सुमारे पाच तास लागतात, थिओब्रोमीनला त्याहून अधिक. नऊ वाजता खाल्लेल्या तुकड्यांचा निम्मा अंमल रात्री दोन वाजताही उरलेला असतो. हीच द्रव्ये आणि त्यांच्या जोडीला स्निग्धांश, अन्ननलिका व जठर यांमधली झडप सैल करतात. भरल्या पोटी लगेच आडवे झाले की आम्ल वर येते आणि छातीत जळजळते. पंधरा दिवस रात्रीचे चॉकलेट पूर्ण बंद करून पाहा. तरीही जळजळ राहिली, किंवा चालताना, जिना चढताना छातीत दाब वाटला, तर ते चॉकलेटच्या खात्यावर न टाकता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आपल्या वयात आणि रक्तदाब असताना छातीतली प्रत्येक जळजळ पित्ताचीच असते असे नाही.

ज्या बाजूबद्दल सर्वांत कमी बोलले जाते, ती आहे जड धातूंची. कोकोचे झाड जमिनीतून कॅडमियम शोषते आणि ते बियांत साठते. लॅटिन अमेरिकेतील काही भागांच्या मातीत ते मुळातच जास्त आहे. शिसे बहुतांशी नंतर येते, बिया उघड्यावर वाळवताना बसणाऱ्या धुळीतून. दोन्ही धातू कोरड्या भागात असतात, त्यामुळे टक्का वाढला की त्यांचा संभवही वाढतो. गुणद्रव्य आणि दोषद्रव्य एकाच जागी राहतात. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेने २०२२ मध्ये २८ डार्क चॉकलेटे तपासली. त्यांपैकी २३ वड्या अशा निघाल्या, की दिवसाला सुमारे २८ ग्रॅम खाल्ल्यास यांतील किमान एका धातूचे प्रमाण कॅलिफोर्नियाच्या कडक मर्यादेपलीकडे जाईल. ही मर्यादा फार सावधपणे आखलेली आहे, त्यामुळे ती ओलांडली की लगेच विषबाधा होते असे नाही. पण आपले गणित मांडून पाहू. युरोपीय संघात ५० टक्के वा अधिक कोको असलेल्या चॉकलेटमध्ये किलोमागे ०.८ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियमला परवानगी आहे. या कमाल मर्यादेला टेकलेल्या वडीच्या ५० ग्रॅममधून ४० मायक्रोग्रॅम कॅडमियम पोटात जाईल. युरोपीय प्राधिकरणाने सह्य मानलेले प्रमाण ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी आठवड्याला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे २१ आहे, आणि त्यात धान्य, भाज्या या सगळ्यांतून येणारे कॅडमियमही मोजायचे असते. १० ग्रॅमच्या तुकड्यातून हाच आकडा जास्तीत जास्त ८ येतो. प्रत्येक वडी मर्यादेला टेकलेली नसते, बहुतेक तर पुष्कळच खाली असतात. पण मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम दशकानुदशके तेथेच राहते, म्हणून रोजच्या सवयीचा हिशेब एखाद्या दिवसाच्या चैनीसारखा करून चालत नाही. एकाच छापाची वडी वर्षभर खाण्याऐवजी छाप बदलत राहावे, हा त्यातल्या त्यात सोपा उपाय आहे. ‘सेंद्रिय’ लिहिलेल्या वडीत हे धातू नसतील असे मानू नये. ते मातीतून आणि धुळीतून येतात, कीटकनाशकातून नाही.

नातीच्या बाबतीत म्हणूनच मी आपल्यापेक्षा अधिक काटेकोर राहीन. लहान शरीराला तेच प्रमाण मोठे पडते, आणि शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. तिने मागितले तर कधीतरी एक लहान तुकडा, तोही दुपारी, द्यायला हरकत नाही. रोजचा रतीब नको. ‘हे पौष्टिक आहे’ असे सांगून तर मुळीच देऊ नये. सहा वर्षांच्या मुलीला ते खाऊ म्हणूनच कळावे.

यजमानांचा खडा कोणत्या प्रकारचा होता, हे त्यांच्या कागदपत्रांत पाहा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि कोकोत ऑक्झलेट भरपूर असते. खडा त्या प्रकारचा असेल तर त्यांनी डार्क चॉकलेट नेमाने खाणे टाळावे. कधीतरी एखादा तुकडा खायचा असल्यास डॉक्टरांना विचारून, आणि दिवसभराचे पाणी नीट ठेवून. म्हणजे या घरात चॉकलेटवर टीका करणाऱ्यालाच ते अधिक वर्ज्य निघाले, हे त्यांना आपण कोणत्या शब्दांत सांगावे ते मी आपल्यावर सोडते.

आपल्याला मात्र मी चॉकलेट सोडा असे म्हणणार नाही. आवडीची गोष्ट सोडायला सांगितली, की ती चोरून आणि जास्त खाल्ली जाते. अर्ध्या वडीवरून दिवसाला १० ग्रॅमवर या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा वजन करून पाहा. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका, माझा स्वतःचा अंदाज पहिल्या वेळी दुपटीने चुकला होता. एवढा तुकडा दुपारच्या जेवणानंतर खा आणि उरलेली वडी परत वेष्टनात गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवा. तुकडा लगेच चावू नका. कोको बटर शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली, सुमारे ३४ अंशांना वितळते, म्हणून जिभेवर नुसता धरला तरी अर्ध्या-पाऊण मिनिटात त्याच्या कडा गोल होतात, आधी आंबूस, मग कडू आणि शेवटी किंचित गोड चव उतरत जाते. कडूपणा तोंडात पसरला, की दुसऱ्या तुकड्याची घाई पुष्कळदा आपोआप ओसरते. चटक आहे ती चावून गिळण्याची असेल, तर ती अशाने बरीच सैल होईल. फ्लॅव्हनॉलच हवे असतील, तर अल्कलीचा संस्कार नसलेली, बिनसाखरेची कोको पावडर चमचाभर, गरम पाण्यात किंवा दुधात कालवून घेणे वडीपेक्षा बरे. तिच्यात स्निग्धांश फार कमी असतो. अर्थात हे चॉकलेटच्या बदल्यात, दोन्ही एका दिवशी नकोत.

तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा तपासालच. तोवर घरी मोजलेल्या रक्तदाबाची वही ठेवा आणि ती डॉक्टरांना दाखवा. गोळीची मात्रा कमी करायची की नाही, हे त्या वहीवरून ते ठरवतील. त्या भेटीत रोज किती चॉकलेट खात होता हेही न संकोचता सांगा. इतर कोणतीही औषधे सुरू असतील तर त्यांची यादी द्या. नैराश्यावरच्या जुन्या, ‘एमएओ इन्हिबिटर’ वर्गातील औषधांबरोबर चॉकलेट जपून खावे लागते.

ता. क. : आपण ओझरता केलेला कुत्र्याचा उल्लेख मला सर्वांत अधिक काळजीचा वाटला. थिओब्रोमीन माणसाच्या शरीरात काही तासांत निम्मे होते. कुत्र्याच्या शरीरातून ते निम्मे व्हायलाच सतरा-अठरा तास लागतात, आणि चॉकलेट जितके गडद तितके ते जास्त. दहा किलोच्या कुत्र्याने डार्क चॉकलेटचे वीस ग्रॅम खाल्ले, तरी उलट्या आणि अस्वस्थता सुरू होण्याची सीमा जवळ येते. त्याहून जास्त झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि आकडीही येऊ शकते. नातीला आजच समजावून सांगा, आणि कुत्र्याने कधी मोठा तुकडा पळवला, तर लक्षणांची वाट न पाहता वेष्टन सोबत घेऊन पशुवैद्याकडे जा. किती टक्क्यांचे होते, हे त्यांना त्यावरून लगेच कळेल.